पप्पांच्या पगारपत्रकातली एक ओळ

"नमस्कार मॅडम. मी तासगाव तालुक्यातली. यंदा बारावी सायन्सची परीक्षा दिलीय. गणित चांगलं आहे, फिजिक्समध्ये जीव रमत नाही. आमची द्राक्षबाग आहे. बेदाण्याचा भाव पडला की घरात जे बोलणं चालतं ते ऐकून वाटायला लागलं, भाव ठरवतं कोण, सरकार कशात पडतं आणि कशात पडत नाही, आणि ते बरोबर की चूक, हे आपल्याला शिकायचंय. शोधता शोधता पीपीई ही पदवी सापडली. तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र, तिन्ही एकत्र. हे माझ्यासाठीच काढलंय असं वाटलं. पण जिथं बघितली तिथला खर्च राहण्याजेवणासकट वर्षाला दहा लाखांच्या वर. पप्पा जिल्हा परिषदेत वरिष्ठ सहायक आहेत. ते म्हणाले, 'एक ना धड, भाराभर चिंध्या. इंजिनिअरिंग नको तर नको, पण एक काहीतरी नीट शीक.' मी चिडून दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या रात्री ते मम्मीला हळू आवाजात सांगत होते, खालच्या बागेतला अर्धा एकर काढून टाकू. तेव्हापासून मला झोप नाही. मी हट्ट सोडू का?"

बाळ,

हट्ट सोडू नकोस, आणि अर्धा एकरही जाऊ देऊ नकोस. दोन्ही जमण्यासारखं आहे. पण त्याआधी तुला नेमकं काय शिकायचंय ते बघू, कारण माहितीपत्रकातनं ते कळत नाही.

पप्पांचं पगारपत्रक मागून घे. कपातींच्या रकान्यात भविष्य निर्वाह निधी, विमा असलं सगळं असेल, आणि एक लहानशी ओळ असेल: व्यवसाय कर, २०० रुपये. फेब्रुवारीच्या पत्रकात तिथं ३०० दिसतील. वर्षाचे २,५००. नोकरदार माणूस या ओळीकडं कधी बघत नाही, रक्कमच एवढीशी असते. आपल्या राज्यात हा कर १९७५ साली आला, आणि तो आला रोजगार हमी योजनेसाठी. शहरातल्या पगारदारानं आणि व्यापाऱ्यानं थोडे पैसे द्यायचे, जेवढे जमतील तेवढीच भर राज्य सरकारनं घालायची, आणि त्यातून खेड्यातल्या ज्या हाताला काम हवंय त्याला काम द्यायचं. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाही देता आलं तर बेकारी भत्ता. कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. पुढं २००५ साली केंद्रानं अख्ख्या देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा नमुना म्हणून डोळ्यांपुढं महाराष्ट्र होता. आणि हे तुला माहीत नसेल म्हणून सांगते: या योजनेची पहिली चाचणी साठच्या दशकात तुझ्याच तालुक्यात झाली, विसापूरला. वि. स. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. ही कल्पना त्यांची.

आता त्या एका ओळीला तीन बाजूंनी भिड.

काम मिळणं हा माणसाचा हक्क आहे, की सरकारनं केलेली कृपा? हक्क म्हटला तर तो कुणाकडं मागायचा, आणि देण्याचं बंधन कुणावर? मुंबईच्या बँकेतल्या कारकुनानं जतच्या मजुराचं देणं का लागावं? हे तत्त्वज्ञानाचे प्रश्न आहेत. आपल्या राज्यघटनेनंही कामाचा हक्क ४१ व्या कलमात घातला, पण 'राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' असं म्हणून. त्या चार शब्दांवर आठवडाभर वर्गात वाद घालता येतो, आणि घालावा.

मग राज्यशास्त्र. हा कर शहरानं मान्य केला कसा? ज्यांच्या शेतावर मजूर लागतात अशा बागायतदारांचे प्रतिनिधी सभागृहात बसलेले असताना मजुराला बळ देणारा कायदा पास कसा झाला? कुणाला कशाची भीती होती, कुणाला कशाची आशा? मस्टर, म्हणजे मजुरांचा हजेरीपट, कोण ठेवणार, मोजमाप कोण घेणार, आणि काम नाहीच दिलं तर मजुरानं कुणाच्या दारात जायचं?

आणि अर्थशास्त्र. मजुरी किती ठेवायची? गावातल्या मजुरीपेक्षा वर ठेवली तर बागेत छाटणीला माणूस मिळत नाही म्हणून तुमच्याच घरात ओरड होणार. फार खाली ठेवली तर ती थट्टा. मधली एक जागा अशी असते की ज्याला खरोखर गरज आहे तोच दगड फोडायला येतो आणि गरीब कोण ते ठरवायला वेगळा दाखला लागत नाही. ती जागा शोधायला गणित लागतं, आकडेवारी लागते.

बघ, विषय तीन आहेत पण प्रश्न एकच आहे. यातली एक बाजू काढून टाकली की उत्तर चुकतं. कधीमधी नाही, हमखास चुकतं.

हे मी अनुभवावरून सांगतेय. बहात्तरच्या दुष्काळात मी दहा वर्षांची होते. आमचं गाव सांगोल्याकडं. आई पाझर तलावाच्या कामावर जायची आणि शाळा सुटली की मी तिकडंच जायचे, कारण तिथं सुकडी, म्हणजे दुष्काळी कामावर वाटायचा तो खाऊ, मिळायची. शनिवारी संध्याकाळी मुकादम मस्टर उघडून एकेक नाव पुकारायचा. तोवर माझी आई गावात कुणाची तरी सून होती, कुणाची तरी मंडळी होती. तिचं स्वतःचं पूर्ण नाव मी पहिल्यांदा त्या मुकादमाच्या तोंडून ऐकलं. ती पुढं झाली, शाईच्या डबीत अंगठा बुडवला, कागदावर टेकवला आणि पैसे पदराच्या गाठीत बांधले. घरी येईपर्यंत ती अंगठ्याची शाई पुसत नव्हती.

पुढं मी अर्थशास्त्र शिकले आणि तीस वर्षं शिकवलं. रोजगार हमीवर दरवर्षी दोन तास असायचे. मजुरीचा दर, मनुष्यदिवस, खर्च, फळ्यावर एक आलेख. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलानं विचारलं, "मॅडम, पण मुंबईची माणसं पैसे द्यायला तयार का झाली?" मला उत्तर देता आलं नाही. ज्या मस्टरवर माझ्या आईचं नाव होतं त्याबद्दल मी वर्षानुवर्षं शिकवत होते, आणि तो कायदा कसा झाला, का झाला, न्याय्य आहे का, यातलं काही मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. त्या मुलाच्या प्रश्नानंतर मी राज्यशास्त्राच्या सहकाऱ्याच्या वर्गात जाऊन बसायला लागले. वयाच्या पंचेचाळिशीत. तू अठराव्या वर्षी तो प्रश्न घेऊन आलीयस, म्हणून तुझं पत्र मी चारदा वाचलं.

आता पदवीबद्दल. पीपीई सुरू झाली ऑक्सफर्डला, १९२० च्या सुमारास. तोवर तिथं राज्यकारभारात जाऊ पाहणारी मुलं ग्रीक आणि लॅटिन ग्रंथ वाचायची. पहिल्या महायुद्धानंतरच्या जगाला ते पुरेना, म्हणून आजच्या जगाचे तीन विषय एकत्र बांधले. तिथून मग ब्रिटनचे पंतप्रधान निघाले, डेव्हिड कॅमेरॉन, ऋषी सुनक. पाकिस्तानच्या बेनझीर भुट्टो आणि इम्रान खानही तिथलेच. आता मलाला युसुफझाईनंही तीच पदवी घेतली. ही नावं माहितीसत्रात तुला ऐकवली असतील. एक गोष्ट बहुतेक सांगितली नसेल: ऑक्सफर्डमध्ये तिन्ही विषय सक्तीचे असतात ते फक्त पहिल्या वर्षी. त्यानंतर एक विषय सोडता येतो, आणि पुष्कळ मुलं सोडतात. म्हणजे जिथं ही पदवी जन्मली तिथंही शेवटी कशात तरी खोल उतरावंच लागतं. या पदवीवर ब्रिटनमध्ये टीका होते ती हीच, की यातून सगळ्यावर अस्खलित बोलणारी आणि कशातच मुळाशी न गेलेली माणसं तयार होतात. तुझे पप्पा ऑक्सफर्डला गेले नाहीत, पण बरोबर त्याच जागी त्यांनी बोट ठेवलंय. त्यांच्यावर चिडायचं कारण नाही.

आणि हे काही तिकडून आपल्याकडं आलेलं नवं खूळ नाही, हे पप्पांना नक्की सांग. पुण्यातल्या गोखले संस्थेचं नावच मुळी राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र संस्था असं आहे. १९३० साली हे दोन शब्द एकत्र ठेवले गेले, आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी तिथं बसून गावोगावच्या पाहण्या केल्या, सहकाराचा पाया विचारपूर्वक घातला. त्याआधी १८९२ साली न्यायमूर्ती रानड्यांनी डेक्कन कॉलेजात व्याख्यान दिलं, की इंग्लंडात लिहिलेले अर्थशास्त्राचे नियम जसेच्या तसे हिंदुस्थानाला लावता येत नाहीत, इथला समाज आणि इथलं राज्य बघून विचार करावा लागेल. न्यायाधीश माणूस अर्थशास्त्रावर बोलत होता आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. बाबासाहेबांनी कोलंबियात सर्वात जास्त अर्थशास्त्र घेतलं, पण जोडीला इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, राज्यशास्त्रही घेतलं. १९२३ ला रुपयाच्या प्रश्नावर त्यांचा ग्रंथ आला. तो वाचताना कळतं की चलनाचा अभ्यास त्यांनी किती कसून केला होता. आणि २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत त्यांनी सांगितलं, की राजकारणात आपण एक माणूस एक मत मानणार आहोत आणि सामाजिक, आर्थिक जीवनात मात्र विषमता चालू ठेवणार आहोत, ही विसंगती किती दिवस चालवणार? तत्त्वज्ञान, राज्य आणि अर्थ एका दमात. पण ते आधी एका विषयात तळापर्यंत गेले होते. मग बाकीच्या विषयांनी त्या एका विषयाला डोळे दिले.

म्हणून माझा पहिला सल्ला गणिताचा. तुझ्याकडं बारावीचं गणित आहे. ते सोडू नकोस. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स असो की गोखले संस्था, अर्थशास्त्राच्या एम.ए.च्या चांगल्या जागांना गणित आणि संख्याशास्त्र लागतं. तीन वर्षं ते टाळून पीपीई केली तर तो दरवाजा बंद होतो, आणि हे तिसऱ्या वर्षाच्या शेवटी कळतं. मी अशी मुलं बघितलीत. बोलायची सुंदर, निबंध लिहायची सुंदर, आणि अवकलन बघितलं की हात थरथरायचे. कुठंही प्रवेश घेतलास तरी अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमात गणिती पद्धती आणि संख्याशास्त्राचे पेपर आहेत का, ते आधी बघ. नसतील तर तो प्रवेश तुझ्यासाठी नाही.

आता त्या अर्ध्या एकराचं.

सोनीपतच्या अशोका विद्यापीठात पीपीई आहे आणि तिथं घरची परिस्थिती बघून फी-सवलत देतात. अर्ज कर. सवलतीचा अर्ज वेगळा असतो, उत्पन्नाचे कागद मागतात, ते पप्पांकडून वेळेत घे. आलेलं पत्र नीट वाच: सवलत फक्त शिक्षण शुल्काला आहे की वसतिगृह आणि जेवणालाही, एका वर्षाची आहे की पुढंही चालू, गुण घसरले तर काय. फोनवर कुणी 'होईल हो' म्हणालं ते धरू नकोस, लेखी घे. त्यातून जी रक्कम उरते ती पप्पांच्या पगारातून जमिनीला हात न लावता भागत असेल तर खुशाल जा. भागत नसेल तर तिथं थांब. बाग हे तुमच्या घरचं दुसरं पोट आहे. बी.ए.साठी ती विकू नये. ज्या मुलीच्या डोक्यावर विकलेल्या बागेचं ओझं असतं ती तत्त्वज्ञानाच्या वर्गात मोकळ्या मनानं बसू शकत नाही. प्रत्येक परीक्षेत तिला वेली दिसतात.

आणि तिथं न जाता हे शिकता येतं. दिल्ली विद्यापीठात प्रवेश २०२२ पासून सीयूईटी या देशभरच्या सामायिक प्रवेश परीक्षेवर होतो. तिथं बी.ए. प्रोग्रॅमला दोन विषयांच्या जोड्या मिळतात, अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र अशीही जोडी आहे. फी खासगीच्या मानानं पुष्कळ कमी. दिल्लीत राहण्याचा खर्च मात्र मनात धर. पुण्यात गोखले संस्थेत आता अर्थशास्त्राची बी.एस्सी. आहे. गणित आवडणाऱ्या मुलीला ती उत्तम, फक्त तत्त्वज्ञान तुला बाहेरून मिळवावं लागेल. नाहीतर पुण्यातलं, मुंबईतलं किंवा सांगलीचंच एखादं चांगलं अनुदानित महाविद्यालय घे. मेजर, म्हणजे मुख्य विषय, अर्थशास्त्र; मायनर, म्हणजे जोडविषय, राज्यशास्त्र. तत्त्वज्ञानासाठी 'स्वयम' या सरकारी संकेतस्थळावरचे मोफत अभ्यासक्रम आहेत आणि ग्रंथालय आहे.

पण महाविद्यालय निवडताना माहितीपत्रकावर विसंबू नकोस, प्रत्यक्ष जा. माझ्या एका विद्यार्थिनीनं अशीच जोडी बघून शहरातल्या एका महाविद्यालयात प्रवेश घेतला. छापील यादीत तत्त्वज्ञान होतं. जून संपला तरी तासाला कुणी येईना, तेव्हा कळलं की शिक्षक निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती आणि जागा भरलीच नव्हती. उरलेल्या दोन विषयांचे तास एकाच वेळी होते. तिचं पहिलं वर्ष असंच गेलं. तेव्हा कार्यालयात न जाता सरळ विभागात जा, दारावरचं वेळापत्रक मोबाइलमध्ये टिपून घे, तुझ्या विषयांचे तास एकमेकांवर येतात का बघ, आणि दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला विचार की मागच्या आठवड्यात किती तास झाले. ती खरं सांगेल.

इंग्रजी बोलताना अडखळतेस असंही पत्रात खाली लिहिलंयस. वाचता येतंय ना? मग काळजी नको. रोज एका संपादकीयाचा मुख्य मुद्दा आणि त्याच्यावरचा तुझा आक्षेप, पाच ओळींत, आधी मराठीत आणि मग इंग्रजीत लिही. मराठीत आक्षेप स्पष्ट मांडता आला की इंग्रजी त्याच्या मागून येतं. उलटं सहसा होत नाही.

नोकरीचं पप्पा विचारतील, आणि विचारायलाच हवं. या पदवीच्या नावावर आपल्याकडं थेट नोकरी नाही, हे त्यांच्यापासून लपवू नकोस. वाटा आहेत त्या पदवीनंतरच्या. अर्थशास्त्रात किंवा धोरण-अभ्यासात एम.ए., तीन वर्षांचा कायदा, पत्रकारिता. खासदाराबरोबर काम करायची लॅम्प फेलोशिप पंचविशीच्या आतल्या पदवीधरांसाठी असते, ती मला फार आवडते, कायदा आतून बघायला मिळतो. स्पर्धा परीक्षा द्यायची तर हे तिन्ही विषय उपयोगी पडतात, अगदी नीतिशास्त्राच्या पेपरालाही. पण तेवढ्यासाठी ही पदवी घेऊ नकोस. परीक्षेसाठी म्हणून वाचलेलं तत्त्वज्ञान परीक्षेच्या दिवशीच विसरतं.

राहिले पप्पा. आज रात्री जेवण झाल्यावर त्यांना सांग की ते बोलणं तू ऐकलंस. दोन दिवस बोलली नाहीस त्याबद्दल माफी माग, लांबवू नकोस, एका वाक्यात. मग सांग की अर्धा एकर नको, आणि गणित सोडणार नाही. ज्या माणसानं आधी चिंध्या म्हटलं आणि मग अंधारात बाग विकायची ठरवली, त्याचा विरोध विषयाला नव्हता, तू उघड्यावर पडशील याची त्याला भीती होती. भीती कमी करायला आकडे लागतात. कॉलेजची फी, वसतिगृह, मेस, एसटीचा पास, सगळं एका कागदावर मांडून त्यांच्यासमोर ठेव. कारकुनी केलेला माणूस आहे, मांडलेला हिशेब त्यांना लगेच समजेल, आणि एखादी रक्कम तू विसरली असशील तर तेच लिहून देतील.

मग पगारपत्रक माग. कशाला हवंय म्हणतील. त्या ओळीवर बोट ठेव आणि विसापूरचं सांग. तुझी आजी घरात असेल तर तिलाही जवळ बसव, आणि बहात्तर साली ती कुठल्या कामावर होती ते विचार.